टेबलावरची चांदीची गाडी आणि आमची छोटी लाइन

ग्वाल्हेरला पाहुणे आले की त्यांना जयविलास दाखवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. झुंबरं बघून झाली की सगळे थांबतात ते जेवणाच्या लांबलचक टेबलापाशी. त्यावर रूळ आणि रुळांवर चांदीची आगगाडी! इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने १९०६ च्या सुमारास ती माधवराव महाराजांसाठी बनवली. सात डब्यांवर 'सिंदिया' या नावाची सात इंग्रजी अक्षरं. विजेवर चालणारी ही गाडी पाहुण्यांपुढे ब्रँडी नि सिगार फिरवायची. कुणी सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे.

महाराजांना (१८७६–१९२५) रेल्वेचं भारी वेड. पण त्यांची हौस टेबलावरच थांबली नाही. रियासतीत त्यांनी खरी छोटी लाइन टाकली, माथेरानसारखीच दोन फुटी. १८९९ मध्ये ती भिंड नि शिवपुरीला पोचली, १९०९ मध्ये श्योपूरला. एकट्या श्योपूरची लाइन दोनशे किलोमीटरला एकच कमी. जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर करत जायला दहा-बारा तास सहज लागत.

माझे आजोबा या लाइनवर गार्ड होते. आम्ही लष्करात राहायचो. आजी दशम्या नि चटणीचा डबा बांधून द्यायची आणि म्हणायची, "अहो, टपावरच्यांना खाली उतरवून मगच झेंडी दाखवा हो!" टपावरचे कधी उतरले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आजोबा गेल्यावर काकाने त्यांच्या आठवणीसाठी गाडी करायला घेतली. पावडरच्या डब्याचं इंजिन, काडेपेट्यांचे डबे, सायकलच्या तारांचे रूळ. रविवारी आम्हा पोरांना घेऊन तो स्टेशनात जायचा आणि सुतळीने डब्याच्या खिडक्या मोजायचा. प्रमाण चुकलं की डबा मोडून पुन्हा करायचा. टपावर मात्र त्याने मातीची बोटभर माणसं आधीच चिकटवून टाकली. मी हसलो तर म्हणाला, "अरे, माणसांशिवाय ही गाडी कुणी ओळखेल का?"

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, गाड्या थांबल्या. बाकीच्या पुन्हा सुरू झाल्या, आमची छोटी लाइन झाली नाही. तिच्या जागी मोठी लाइन होतेय. श्योपूरवाल्यांची सोय होईल, त्याबद्दल तक्रार नाही. पण महाराजांची चांदीची गाडी राजवाड्यात सुखरूप आहे, आणि जिच्यात आपण बसलो ती अशी विसरून जायची?

दिवाळीनंतर आमचा जुना वाडा विकला जाईल. सामान काढताना चुलतभावाने काकाची गाडी भंगाराच्या ढिगात ठेवली होती. मी उचलून घरी आणली. दोन डबे दबलेत, टपावरची तीन माणसं पडलीत. ती पुन्हा करायचीत, पण डबा आतून कसा होता, बाकं लांबीने होती की आडवी, हे काकाला आता सांगता येत नाही.

तुमच्याकडे छोट्या लाइनचा फोटो, जाड पुठ्ठ्याचं तिकीट, नुसती आठवण असली तरी खाली लिहा. गाडी नीट झाली की फोटो इथेच टाकीन. टपावरच्या माणसांसकट.