गोड्या पाण्याचे जलजीवालय

गोड्या पाण्यातील मासे, वनस्पती व इतर लहान जीव पारदर्शक टाकीत एकत्र राखण्याच्या व्यवस्थेस गोड्या पाण्याचे जलजीवालय म्हणतात. ‘मत्स्यालय’ ही संज्ञाही याच अर्थाने रूढ आहे; तथापि टाकीच्या जीवनक्रमात माशांइतकाच वनस्पतींचा व नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा वाटा असल्याने ‘जलजीवालय’ ही संज्ञा अधिक अर्थवाहक आहे. नदीतील घाण प्रवाहाबरोबर वाहून जाते व पावसाळ्यात नदी धुऊन निघते. टाकीला यांपैकी कोणतेही साहाय्य नसते. तीत जे घातले जाते, ते बाहेर काढीपर्यंत तेथेच राहते. टाकीत काय व किती घालावे, हा जलजीवालयाच्या इतिहासातील पहिल्यापासूनचा प्रश्न आहे.

इतिहास : शोभेसाठी मासे पाळण्याची प्रथा चीनमध्ये प्राचीन आहे. सुंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) तेथे तळ्यांतून सोनेरी मासे पाळले जात. पुढे ते जपानमध्ये व सतराव्या शतकात यूरोपात पोहोचले. भारतात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२७–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांची वसतिस्थाने, त्यांचे खाद्य व गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दख्खनमध्ये माशांच्या सवयींचे बारकाईने निरीक्षण होत असे, हे त्यावरून दिसते. तथापि हे सर्व पालन व निरीक्षण नदी, तळे किंवा कुंड यांतील होते. बंदिस्त पाण्यात मासे दीर्घकाळ जगविण्याची रीत ज्ञात नव्हती. काचेच्या भांड्यात ठेवलेल्या माशांचे पाणी वरचेवर बदलावे लागे आणि तरीही ते बहुधा मरत.

या रीतीचा शास्त्रीय पाया लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी घातला. त्यांनी एका भांड्यात सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागल्यावर त्यांनी पाण्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली व पाणी निवळले. या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केला. मासे कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतात, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देतात आणि गोगलगाई कुजणारे पदार्थ नाहीसे करतात, असे हे ‘समतोल जलजीवालय’ होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडण्यात आले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द व हा छंद सर्वत्र पसरला. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती, हेही या प्रसाराचे एक कारण होते.

समतोलाची ही कल्पना पुढे अपुरी ठरली. टाकीतील पाण्याला बराचसा ऑक्सिजन पृष्ठभागाशी असलेल्या हवेतून मिळतो. रात्री तर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. शिवाय माशांच्या उत्सर्जनातून निघणारा अमोनिया हा त्यांना खरा धोका असतो. सर्गेई व्हिनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा शोध लावला. टाकीतील वाळू, दगड व गाळणी यांवर हेच सूक्ष्मजंतू वाढतात. अमोनिया व नायट्राइट अल्प प्रमाणातही घातक असतात. नायट्रेट त्यांमानाने सौम्य असून ते वनस्पती शोषून घेतात किंवा पाणी बदलल्याने कमी होते. विसाव्या शतकात विजेवर चालणारे हवेचे पंप व गाळण्या आल्या. लोखंडी चौकटीत लांबी भरून बसविलेल्या काचांची जागा सिलिकोनने जोडलेल्या काचेच्या टाक्यांनी घेतली आणि हा छंद मध्यम वर्गाच्या आटोक्यात आला.

भारतात सार्वजनिक जलजीवालय प्रथम मद्रास येथे १९०९ मध्ये सुरू झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. ते प्रामुख्याने सागरी माशांसाठी प्रसिद्ध असले, तरी काचेपलीकडे पोहणारे मासे महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी प्रथम तेथेच पाहिले.

टाकीची मांडणी : पहिली टाकी फार लहान नसावी. पाणी जितके जास्त, तितके त्याचे तापमान व घटक सावकाश बदलतात आणि चूक सुधारण्यास अवधी मिळतो. ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच टाकीत सु. ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड व पाणी यांसह तिचे वजन ६० ते ७० किग्रॅ. होते, म्हणून ती भक्कम व सपाट बैठकीवर ठेवतात. थेट ऊन पडेल अशी जागा टाळतात, कारण उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते. तळाशी धुतलेली जाड वाळू ४–५ सेंमी. पसरून तीत व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या वनस्पती लावतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पाणी दिवसभर उघडे ठेवल्याने बहुतांशी उडून जातो किंवा सोडियम थायोसल्फेट घालून तो नाहीसा करतात.

पाणी भरताच मासे सोडणे ही सर्वसाधारण चूक होय. सूक्ष्मजंतूंची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वी पुष्कळ मासे सोडल्यास पाणी निर्मळ दिसत असूनही अमोनिया साठतो व मासे एकामागून एक मरतात. म्हणून टाकीत खाद्याची चिमूट किंवा जुन्या, निरोगी टाकीतील थोडी वाळू घालून सूक्ष्मजंतूंची वाढ होऊ देतात. प्रथम तीन-चार लहान मासे सोडून काही आठवड्यांनी संख्या वाढवितात. वरील मापाच्या टाकीत ४–५ सेंमी. लांबीचे आठ ते दहा मासे पुरे होतात. नवीन मासे पिशवीसह टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान समान झाल्यावरच सोडतात. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य देतात व दर आठवड्यास सु. एक-पंचमांश पाणी बदलतात. सर्व पाणी एकदम बदलून वाळू व गाळणी नळाखाली धुतल्यास उपयुक्त सूक्ष्मजंतू नष्ट होतात व टाकी पुन्हा प्रारंभीच्या अवस्थेस जाते.

मुळा खोऱ्यातील मासे : टाकीत कोणते मासे सोडावे, या प्रश्नाचे उत्तर बाजारात बहुधा परदेशी जातींनी दिले जाते. गप्पी दक्षिण अमेरिकेतील, तर सोनेरी मासा चीनमधील आहे. तथापि टाकीत राहू शकतील असे अनेक मासे सह्याद्रीच्या ओढ्यांत व नद्यांत आहेत. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माले या गावाचा परिसर या दृष्टीने बोधप्रद आहे. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव मुळा नदीवरील मुळशी धरणानजीक आहे. टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठी बांधलेल्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये पां. म. बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यानंतर ते पूर्ण होऊन खोऱ्यातील गावे व शेते पाण्याखाली गेली. नदीतील सजीवांच्या दृष्टीनेही हे मोठे स्थित्यंतर होते : वाहत्या पाण्याच्या जागी खोल, संथ जलाशय आला आणि प्रवाहाची गरज असलेल्या माशांना वरच्या ओढ्यांचाच आधार उरला.

या नदीसंहतीतील माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी केले. ते १८३९ मध्ये व सविस्तर स्वरूपात १८४१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. साइक्स यांनी अनेक जातींना स्थानिक नावेच दिली. मळ्या या माशाच्या शास्त्रीय नावात ‘मुल्या’, तर नाक दबल्यासारखे दिसणाऱ्या नकटा या माशाच्या नावात ‘नुक्टा’ हा शब्द आजही आहे. खडशी किंवा महसीर या माशाची ‘खुद्री’ ही जात त्यांनी पुण्याच्या पूर्वेस सु. १३ किमी. वरील मुळा-मुठेतून वर्णिली.

यांपैकी प्रत्येक मासा टाकीस योग्य नसतो. मळ्या तोंडाखालील चकतीने दगडाला चिकटतो व त्यास जोराचा प्रवाह आणि भरपूर ऑक्सिजन लागतो. खडशीचे पिलू टाकीत शोभून दिसते, परंतु ते लवकरच टाकीत मावेनासे होते. संथ पाण्यातही राहणारा, थव्याने पोहणारा दांडवण नवशिक्यास अधिक सोयीचा आहे. हे मासे ओढ्यातून धरून आणतानाही मर्यादा असते. उन्हाळ्यात ओढा आटून मोजके डोह उरतात आणि पुढील पावसाळ्यात अंडी घालणारे मासे त्याच डोहांत असतात. असा एक डोह उपसल्यास त्या ओढ्याची पैदास संपू शकते. पट्टेरी बोटिया या कृष्णा खोऱ्यातील लहानशा माशाची गणना संकटग्रस्त जातींत होते. तरीही भारतातून शोभेसाठी निर्यात होणाऱ्या संकटग्रस्त माशांत त्याचा वाटा मोठा असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

मासे सोडण्याचे परिणाम : टाकीत चुकीचा मासा सोडला, तर तो काढून घेता येतो, नदीत सोडलेला मासा परत घेता येत नाही. डासांच्या निर्मूलनासाठी भारतात १९०८ मध्ये गप्पी व १९२८ मध्ये गंबुसिया हे मासे आणले गेले. १९५२ मध्ये आफ्रिकेतील तिलापिया आला. उजनी जलाशयात ‘चिलापी’ या नावाने तो आज सर्वपरिचित आहे. प्रत्येक वेळी हेतू चांगला होता. परंतु हे मासे स्थानिक माशांच्या अन्नावर, अंड्यांवर व जागेवर आक्रमण करतात, हे नंतर दिसून आले.

याबाबतचे सर्वांत विचार करावयास लावणारे उदाहरण खडशीचेच आहे. पुणे जिल्ह्यातील लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपन्यांनी १९७० नंतर मत्स्यबीज केंद्र चालविले. तेथे मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली या दुर्मिळ होत चाललेल्या माशाची कृत्रिम पैदास यशस्वी झाली व त्याची लक्षावधी पिले तयार होऊ लागली. मूळ वसतिस्थानी मासा टिकविण्याचे हे मोलाचे कार्य होते. परंतु तेथील पिले कर्नाटकात कावेरी नदीतही सोडण्यात आली. ती तेथे झपाट्याने वाढली आणि कावेरीतील मूळचा कुबड्या महसीर घटत गेला. धरणे, वाळूउपसा व अवैध मासेमारी या कारणांबरोबरच बाहेरून आलेल्या या भाऊबंदाची स्पर्धाही या ऱ्हासास कारणीभूत मानली जाते. २०१८ मध्ये कुबड्या महसीराची अतिसंकटग्रस्त जातींत नोंद झाली. त्याच वर्षी खडशीची मात्र संकटग्रस्त यादीतून सुटका झाली. मुळा-मुठेत जो मासा मूळचा, तोच कावेरीत परका ठरला.

यामुळे घरातील टाकी मोडताना किंवा मासे फार वाढल्यास ते नदी, तलाव अगर विहिरीत सोडू नयेत, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. माले येथील जलाशयाखालून मुळा पुण्यास मुठेला, मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा उजनीमार्गे कृष्णेला मिळते. त्यामुळे तेथे सोडलेल्या परक्या माशाचा प्रश्न एका जलाशयापुरता उरत नाही. नको असलेले मासे दुसऱ्या पालकास किंवा विक्रेत्यास द्यावे आणि टाकीतील पाणी व पाणवनस्पतीही ओढ्यात न टाकता झाडांना घालाव्या किंवा खतात मिसळाव्या, ही रीत सुरक्षित होय.