मौत का कुआँ आणि पाच रुपयांची नोट

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत राजुऱ्याला गेलो होतो. भाचा टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघत बसला होता. कुठल्या ड्रायव्हरने कितव्या फेरीला टायर बदलले हे त्याला पाढ्यांसारखं पाठ. मधेच म्हणाला, "मामा, तू लहान असताना इकडे रेसिंग ट्रॅक होता का रे?" मी म्हटलं, होता की. दर चैत्रात ट्रकमधून यायचा. त्याला वाटलं, मामा नेहमीसारखा फेकतोय. :)

तर ही नोंद त्याच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचावी. ताईने वाचली तर पाच रुपयांचं प्रकरण तिला पहिल्यांदाच कळेल, पण आता इतक्या वर्षांनी काय रागावणार!

आमच्या भागात शर्यत म्हणजे शंकरपट. बैलजोड्या, धुरळा, दोरीच्या पलीकडे उभी माणसं. (सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी दिली. त्यावर वेगळं लिहायला हवं, बैलांच्या बाजूनेही.) मोटारींचे ट्रॅक आमच्यासाठी परदेशच. शोलावरम मद्रासजवळ, आणि पुढे फॉर्म्युला वन भारतात आलं ते दिल्लीच्या अलीकडे, तेही २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं. राजुऱ्यात कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक पळायचे, पण ते बघायला कुणी तिकीट काढत नव्हतं.

आमचा ट्रॅक यायचा चंद्रपूरला, महाकालीच्या यात्रेत. चैत्रात नांदेड-परभणीकडून, आदिलाबादकडून माणसं येतात, झरपट नदीच्या काठाने नुसती गर्दी. राजुऱ्याहून एसटीने वर्धा नदीचा पूल ओलांडायचा, बल्लारपूर मागे टाकायचं की आलंच चंद्रपूर. आजीच्या लहानपणी मात्र हा परमुलखाचा प्रवास होता. राजुरा तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, नदीपलीकडे इंग्रजांचा मुलूख. निघण्याआधी हाली सिक्का देऊन कलदार घ्यावे लागत, असं ती सांगायची. १९५६ साली राजुरा मुंबई राज्यात आला, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून चांद्यात. आजीच्या यात्रेत देवी होती, नवस होते. विहीर नंतरची.

मी ती पहिल्यांदा बघितली १९८७ साली, बारा वर्षांचा असताना. मामा आणि आजोबांबरोबर.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर्कशीत जाळीच्या गोळ्यात मोटारसायकल फिरते तो मौत का गोला, तो वेगळा. ही खरोखर विहिरीसारखी, पण जमिनीच्या वर. लाकडी फळ्या उभ्या लावून केलेलं वीस-पंचवीस फुटांचं पिंप म्हणा ना! बाहेरून लोखंडी चौकट आणि नटबोल्ट. बाहेरूनच जिना चढून वर जायचं आणि काठाभोवतीच्या अरुंद सज्जावर उभं राहून आत डोकवायचं. खाली गोल जमीन, तिच्याभोवती तिरका उतार, मग एकदम सरळ भिंत. भिंतीच्या वरच्या टोकाला तारेचा दोर, आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर रंगाचा पट्टा. त्या पट्ट्याच्या वर चाक गेलं की संपलं, असं मामाने सांगितलं.

स्वाराच्या अंगात लाल सॅटिनचा शर्ट, डोक्याला काही नाही. गाडीचा सायलेन्सर काढलेला. खाली दोन फेऱ्या, उतारावर एक, आणि मग ती गाडी भिंतीवर आडवी झाली. त्या क्षणी फळ्या थरथरायला लागल्या. थरथर तळपायातून गुडघ्यात, गुडघ्यातून दातात. पेट्रोलचा वास, एप्रिलचं ऊन, आणि दर दीड-दोन सेकंदांनी आपल्या पोटाखालून जाणारा तो आवाज. टीव्हीवर कितीही मोठा पडदा आणा, हे येत नाही. स्वाराने हात सोडले, एका बाजूला बसला, बसल्या बसल्या केसातून कंगवा फिरवला. मामाने विचारलं, "भेव लागते का बे?" मी म्हटलं नाही. दोन्ही हातांनी तार धरून.

नंतर इंजिनिअरिंगला असताना मी याचा हिशेब केला होता. तीस फूट व्यास आणि ताशी ४५ किलोमीटर वेग धरला तर माणूस त्याच्या वजनाच्या साधारण साडेतीनपट जोराने भिंतीकडे दाबला जातो. म्हणजे साठ किलोचा माणूस दोन क्विंटलचा होतो. टायर आणि फळीमधलं घर्षण पुरेसं राहतं ते या दाबामुळे. वेग कमी झाला की दाब गेला, दाब गेला की घर्षण गेलं. यात दैवी काही नाही. पण गणित कागदावर सोडवताना चेन तुटत नाही, हाही फरक आहेच.

तर नोट. लोक काठावरून हात खाली करून नोटा धरायचे आणि स्वार वर येऊन, हात लांबवून त्या खेचून घ्यायचा. मामाने माझ्या हातात पाचाची नोट दिली. मी वाकलो. तो आला. त्याचा हात, त्याचा चेहरा, इतका जवळ की दातावरचा पानाचा डाग दिसला, आणि मी घाबरून हात मागे घेतला.

त्याचा हात रिकाम्या हवेत गेला. अंगाचा तोल बाहेर झुकलेला होता, गाडी पट्ट्यावर चढली. हँडल एकदा हललं. पलीकडची माणसं मागे सरली. मग तो खाली उतरत गेला, भिंत, उतार, जमीन, आणि गाडी बंद केली. मामाने मला सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. "हात मांगं कायले घेतला बे?"

जिन्याखाली मामा मला त्याच्याकडे घेऊन गेला. तो खाटेवर बसून पाणी पीत होता. रागावला नाही. म्हणाला, "हाथ नहीं खींचने का, बेटा. नोट छोड़ देने का. हम पकड़ लेंगे." पाचाची नोट मी दिली, ती त्याने घडी करून खिशात ठेवली. परतीच्या एसटीत आजोबा, ज्यांनी आयुष्यभर पट बघितले, एवढंच बोलले, "पन जितलं कोन?"

आजोबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला खूप वर्षांनी सापडलं, आणि तेही अमेरिकेत. म्हणजे पुस्तकात. :)

विहिरीची वंशावळ खऱ्या शर्यतींपर्यंत जाते. १९१० साली लॉस एंजेलिसजवळ प्लाया देल रे इथे जॅक प्रिन्स नावाच्या माणसाने एक मैल घेराचा गोल ट्रॅक बांधला, अख्खा लाकडी फळ्यांचा. हा प्रिन्स मूळचा सायकलस्वार, सायकलींचे लाकडी ट्रॅक बांधत आला होता. मोटारसायकलींचे ट्रॅक पुढे लहान आणि अधिकाधिक उभे होत गेले. कडेच्या उंच भागावर, कठड्याला टेकून, प्रेक्षक. ८ सप्टेंबर १९१२ ला न्यूअर्कच्या ट्रॅकवर एडी हाशा या स्वाराची गाडी वर चढून कठड्याला भिडली. तो आणि दुसरा एक स्वार मेला, आणि सहा प्रेक्षक. त्यात कठड्यावरून डोकं बाहेर काढून बघणारी पोरं होती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी मी एका माणसाला मारणार होतो. काठावरचे आम्हीही त्यात होतो, हे लक्षातच आलं नव्हतं.

मोठे लाकडी ट्रॅक पुढच्या वीसेक वर्षांत संपले. फळ्या कुजायच्या, खर्च झेपेना, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना खुनी ट्रॅक ठरवलं होतं. लहान भाऊ मात्र जत्रांमध्ये शिरला. १९११ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत असा छोटा ट्रॅक होता. काही वर्षांतच भिंती सरळ उभ्या झाल्या, आणि १९२९ साली हा खेळ इंग्लंडमध्ये साउथएंडला पोचला. तिथे अजूनही काही मंडळी १९२० च्या दशकातल्या इंडियन स्काउट गाड्या भिंतीवर चालवतात. त्यांना विमा मिळत नाही, म्हणून खेळ संपला की प्रेक्षकांनी वरून नाणी टाकायची रीत आहे. आमच्याकडे नोट खेळ चालू असतानाच देतात, एवढाच फरक.

ट्रॅक एका मैलाचा तीस फुटांवर आला, तसतशी त्यातली शर्यत गळून पडली. दोन गाड्या एकमेकींना मागे टाकतील एवढी जागाच उरली नाही. उरला एक स्वार, भिंत आणि काठावरचे आपण. खऱ्या ट्रॅकवर लोकांना जाळ्यांच्या मागे, दूर नेऊन बसवलं, आणि ते योग्यच झालं. विहिरीत ते हाताच्या अंतरावर राहिले. जिंकायला कुणी नाही, त्यामुळे माणूस तिकीट काढतो तो नक्की काय बघायला? मी स्वतःला हे विचारलं आहे, आणि उत्तर फारसं चांगलं आलेलं नाही. १९९८ च्या यात्रेत मारुती ८०० भिंतीवर चढलेली बघितली. खाली उतरल्यावर शेजारचा माणूस म्हणाला, "काहीच झालं नाही." त्याचा सूर समाधानाचा नव्हता, आणि माझ्याही मनात थोडं तसंच होतं.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनामुळे यात्राच भरली नाही. तेव्हा मला देवीच्या आधी ही माणसं आठवली. देवी जागेवरच होती. फळ्या, गाड्या आणि स्वार कुठल्या गावाबाहेर पडून राहिले असतील?

तर दिवाळीत शब्द दिला होता, म्हणून पुढच्या चैत्रात भाच्याला घेऊन गेलो. तोच जिना, तीच थरथर. त्याने शर्यतीतल्या ड्रायव्हरच्या चित्राचा टीशर्ट घातला होता आणि पहिल्या फेरीला माझा दंड घट्ट धरला. मी विचारलं, भेव लागते का? म्हणाला, नाही.

काठावर आता नोटांपेक्षा मोबाईल जास्त. सगळे हात तसेच लांबवलेले, पण त्यात देण्यासारखं काही नाही. स्वार पोरगेलासा होता, वीस-बावीसचा. तो प्रत्येक हाताकडे बघत जायचा. मी पन्नासची नोट काढली, वाकलो, आणि तो जवळ आल्यावर सोडून दिली. त्याने पकडली की खाली गेली ते मला दिसलं नाही, मधे कुणाचा तरी मोबाईल होता.