बोलीवरचे भाडे

मालवणचे मामा वरेरकर नाट्यगृह नगरपरिषदेचे. त्याच्या भाड्याचा निर्णय ठरावाने होतो आणि ठराव इतिवृत्तात उरतो. खाजगी खोलीचे तसे नाही. घरपट्टीच्या यादीत भोगवटादाराचे नाव येते. तो कोणत्या बोलीवर राहिला, हे येत नाही. भाडेकरूला संरक्षण देणे हे नगरपरिषदेचे नव्हे, न्यायालयाचे काम.

31 मार्च 2000 रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 ने, तो लागू असेल तेथे, लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा केला आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. तसा करार नसेल, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य! लेखाचा आग्रह धरणाऱ्या कायद्याने दुबळ्याच्या तोंडी शब्दाला दिलेले हे वजन आम्हां साहित्याच्या अभ्यासकांना विलक्षण वाटते. अर्थात, ते वजन कळते न्यायालयाची पायरी चढल्यावरच.