शिळ्या आकड्यांचा पुरावा

संरक्षण खर्चावरचे पुस्तक लवकर शिळे होते. आकडेवारी दोन-तीन वर्षांत मागे पडते, ज्या विमानाच्या खरेदीवर लेखकाने पन्नास पाने खर्ची घातली ते विमान ताफ्यातून निघून जाते, ज्या करारावर आशा ठेवली तो मोडतो. म्हणून ही पुस्तके रद्दीत लवकर येतात आणि स्वस्तात मिळतात. शांततेवरच्या पुस्तकांची गत फारशी वेगळी नाही. मग शिळ्या माहितीचा संग्रह करायचा कशासाठी?

माझ्या मते, अशा पुस्तकातला आकडा आज माहिती म्हणून वापरायचा नसतो, पुरावा म्हणून वापरायचा असतो. तो लिहिणाऱ्याला त्या वर्षी काय ठाऊक होते, कशाची धास्ती होती आणि पैसा कुठून उभा राहील असे वाटत होते, याचा तो पुरावा असतो. ही भूमिका एकदा मान्य केली की काय घ्यायचे, काय सोडायचे आणि कपाटात कशाशेजारी काय ठेवायचे, हे सगळे तिच्यातूनच ठरते.

आधी आकड्यांचेच पाहू. भारताचा संरक्षण खर्च १९६१-६२ मध्ये सुमारे ३१२ कोटी रुपये होता आणि १९६३-६४ मध्ये तो सुमारे ८१६ कोटींवर गेला. ही वाढ खरी आहे, कारण मध्ये चीनचे युद्ध झाले. पण जुन्या पुस्तकात दिसलेला प्रत्येक चढ-उतार असा खरा नसतो. आकडा अंदाजपत्रकी आहे, सुधारित आहे की प्रत्यक्ष खर्चाचा, हे पहिल्यांदा पाहावे लागते. १९६२-६३ चे अंदाजपत्रक मांडले गेले तेव्हा ऑक्टोबरमधले युद्ध त्या हिशेबात नव्हते. तो आकडा घेऊन कुणी युद्धकाळाबद्दल निष्कर्ष काढू लागला तर तो फसणार. दुसरी अडचण निवृत्तिवेतनाची. एक लेखक ते संरक्षण खर्चात धरतो, दुसरा वगळतो. आज संरक्षण मंत्रालयाच्या एकूण तरतुदीतला पाचव्या हिश्शाच्या आसपासचा भाग निवृत्तिवेतनावर जातो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. तिसरी अडचण चलनाची. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. परदेशी वार्षिकांनी चालू विनिमय दराने मांडलेल्या डॉलरच्या कोष्टकात त्या सुमारास भारताचा खर्च घसरलेला दिसला, तर सैन्य कमी झाले असे समजण्याचे कारण नाही. एक बटालियनही घरी गेलेली नव्हती.

या क्षेत्रात दोन वार्षिके प्रमाण मानली जातात. लंडनच्या सामरिक अभ्यास संस्थेचे ‘मिलिटरी बॅलन्स’ १९५९ पासून निघते. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेची, म्हणजे सिप्रीची, स्थापना १९६६ ची आणि तिचे पहिले वार्षिक १९६९ चे. पहिले प्रामुख्याने सैनिक, रणगाडे आणि जहाजे मोजते, दुसरे खर्च, शस्त्रव्यापार आणि निःशस्त्रीकरण. सिप्री आपली मालिका मागच्या वर्षांसकट सतत सुधारत असते आणि जुन्या अंकांतले आकडे नव्यांना जोडू नका, असे स्वतःच बजावते. त्यामुळे जुने वार्षिक निरुपयोगी ठरते, असा समज होतो. खरे तर उलट आहे. एकाच वर्षाचा आकडा त्या काळच्या अंकात एक आणि पुढच्या अंकात दुसरा असेल, तर मधल्या काळात काय उघडकीस आले किंवा मोजण्याची पद्धत कुठे बदलली, ते या फरकातून कळते. हा फरक संगणकावरच्या ताज्या कोष्टकात पुसलेला असतो. तो पाहायचा तर छापील जुना अंकच हवा.

आवृत्तीचेही असेच. नॉर्मन एंजल यांचे ‘द ग्रेट इल्यूजन’ हे पुस्तक १९०९ साली वेगळ्या नावाने, लहान स्वरूपात आले, १९१० मध्ये वाढवून या नावाने निघाले, आणि १९३३ साली, म्हणजे ज्या वर्षाचे शांततेचे नोबेल एंजल यांना मिळाले त्या वर्षी, सुधारून पुन्हा आले. युद्ध अशक्य झाले आहे असे एंजल म्हणाले आणि पुढे १९१४ ने त्यांना खोटे पाडले, हा किस्सा अजून सांगितला जातो. त्यांचे म्हणणे वेगळे होते. युद्ध होऊ शकते, पण जिंकणाऱ्याच्याही पदरात आर्थिक लाभ पडत नाही, हा त्यांचा मुद्दा. महायुद्धाआधीची प्रत हाताशी असली की हा वाद पाच मिनिटांत मिटतो. म्हणून या विषयात श्रेयपान न पाहता पुस्तक घेऊ नये, आणि पहिली आवृत्ती हवी ती सजावटीसाठी नव्हे, तारखेसाठी.

आता भारतीय कपाट. १९६२ च्या पराभवावरचे वाङ्मय एकत्र लावून पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते: त्यातले बरेचसे मुंबईत छापून प्रसिद्ध झाले. युद्धाआधीचे के. एम. पणिक्कर यांचे भारतीय संरक्षणाच्या प्रश्नांवरचे पुस्तक आशिया पब्लिशिंग हाउसने १९६० साली काढले. जनरल बी. एम. कौल यांची बाजू मांडणारे ‘द अनटोल्ड स्टोरी’ १९६७ मध्ये अलाइडने, सातव्या ब्रिगेडचे प्रमुख आणि चीनच्या कैदेत राहिलेले ब्रिगेडिअर दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये थॅकरने, आणि माजी संरक्षण सचिव पी. व्ही. आर. राव यांचे ‘डिफेन्स विदाउट ड्रिफ्ट’ १९७० मध्ये पॉप्युलर प्रकाशनाने. नेव्हिल मॅक्सवेल यांच्या याच युद्धावरच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती जैकोची. पुढे या विषयाचे प्रकाशन दिल्लीकडे सरकले. फोर्ट-फाउंटनच्या फूटपाथवर हा विषय एके काळी का मुबलक दिसे, याचे एक कारण इथे सापडते. पुण्याचे कारण वेगळे: दक्षिण कमांडचे मुख्यालय, खडकवासल्याची प्रबोधिनी आणि निवृत्तीनंतर इथेच घर करणारे अधिकारी. त्यांच्या पुस्तकांच्या समासात कधी कधी मूळ मजकुरापेक्षा मोलाचा शेरा सापडतो.

ही पुस्तके एकेकटी वाचली तर प्रत्येक लेखक खरा वाटतो. कौल आणि दळवी शेजारी ठेवले की जबाबदारी कोण कुणावर ढकलतो ते दिसते. मॅक्सवेल यांना हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा पराभवाच्या चौकशीचा गोपनीय अहवाल पाहायला मिळाला होता, पण भारतीय वाचकाला तो दशकानुदशके मिळाला नाही. म्हणून या संग्रहात एक मोकळी जागा मनाशी धरूनच वाचावे लागते. या रांगेत मी एच. एम. पटेल यांचे छोटे पुस्तक आवर्जून ठेवीन. पटेल हे स्वातंत्र्यानंतरचे संरक्षण सचिव आणि पुढे अर्थमंत्री. १९६३ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत, रा. रा. काळे स्मृती व्याख्यानात, ते भारताच्या संरक्षणावर बोलले. पराभवाची जखम ताजी असताना, अर्थशास्त्राच्या संस्थेत, प्रशासकाच्या तोंडून हा विषय आला, हेच त्याचे महत्त्व.

पण सैन्यखर्चाची चिकित्सा १९६२ ला सुरू झाली नाही. तिची सुरुवात गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापासून धरावी. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी लंडनला साक्ष दिली आणि १९०२ पासून केंद्रीय विधिमंडळातल्या अर्थसंकल्पीय भाषणांत हा मुद्दा सोडला नाही. १८८५ नंतर सैन्य सुमारे तीस हजारांनी वाढवले गेले, हिंदुस्थानच्या तिजोरीतून साम्राज्याच्या मोहिमा लढल्या गेल्या, आणि हिंदी माणसाला मात्र अधिकारपद नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सैन्यच नको, असे ते म्हणत नव्हते. कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या आर्थिक लेखन-भाषणांचा पटवर्धन आणि आंबेकर यांनी संपादित केलेला खंड प्रसिद्ध झाला १९६२ सालीच. योगायोग, पण संग्राहकाला सुखावणारा.

सिद्धांताच्या पुस्तकांत निवड कडक ठेवावी. सेमूर मेलमन १९७४ मध्ये म्हणाले की कायमची युद्धसज्ज अर्थव्यवस्था उद्योगाची क्षमता पोखरते. एमिल बेनॉइट यांना १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांच्या आकडेवारीत संरक्षण खर्च आणि आर्थिक वाढ हातात हात घालून जाताना दिसली, आणि त्या निष्कर्षावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. शांततावादी वाचकाने बेनॉइट विकत घ्यावा, लष्करी अधिकाऱ्याने मेलमन; आपल्याच मताची दहा पुस्तके जमवणारा संग्राहक नसतो. आल्व्हा मिर्दाल यांचे १९७६ चे निःशस्त्रीकरणावरचे पुस्तक मात्र दोघांनीही घ्यावे. त्या १९५५ ते १९६१ या काळात भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या, आणि दोन्ही महासत्ता वाटाघाटींचे नाटक कसे करतात हे त्यांनी जिनिव्हात आतून पाहिले होते.

प्रचारसाहित्य टाकून देऊ नये. १९८१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘सोव्हिएत मिलिटरी पॉवर’ ही गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तिका काढली. १९८२ मध्ये मॉस्कोने ‘व्हेन्स द थ्रेट टू पीस’ काढून उत्तर दिले. दोन्ही एकत्र हवीत, एकटे कोणतेही नको.

सर्वांत दुर्मीळ भाग मात्र जाड ग्रंथांत नाही. १९६३ च्या मार्चमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून सैन्याची नव्याने उभारणी करत होते. त्याच महिन्याच्या १ तारखेला दुसरे महाराष्ट्रीय, सर्वोदयी नेते शंकरराव देव, दिल्लीच्या राजघाटावरून पेकिंगकडे मैत्रीयात्रा घेऊन पायी निघाले होते. चीनने यात्रेला प्रवेश दिला नाही. चव्हाणांच्या बाजूचे कागद ग्रंथालयांत आणि संसदेच्या कामकाजात सुरक्षित आहेत. देवांच्या बाजूचे, म्हणजे सर्वोदयाच्या पत्रिका, शांतिसेनेच्या पुस्तिका, सायक्लोस्टाइल केलेली निवेदने, या कुणी जपायच्या गोष्टी मानल्या नाहीत. त्या वर्षीच्या भारताने युद्धाबद्दल काय विचार केला, याचा अर्धा पुरावा या पातळ कागदांवर आहे, आणि वाळवी व कसर त्यालाच आधी लागते.

तेव्हा घरातल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याची, प्राध्यापकाची किंवा सर्वोदयी कार्यकर्त्याची पुस्तके काढायची वेळ आली, तर जाड पुस्तकांची फार चिंता करू नका. ती कुठे ना कुठे मिळतील. शिवलेल्या नव्हे तर टाचण मारलेल्या पुस्तिका, अंदाजपत्रकांची सुटी परिशिष्टे आणि समासात शेरे असलेल्या प्रती वजनकाट्यावर जाण्याआधी बाजूला काढा, पेन्सिलीने मालकाचे नाव आणि वर्ष मागच्या पानावर लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयाला एकदा विचारून पाहा.