बाहुलीच्या हौदाचे पाणी कुणी आटवले?

दर वर्षी ११ एप्रिलला आम्ही वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन गंज पेठेतल्या फुले वाड्यापासून बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याच्या जागेपर्यंत चालत जातो. त्या दिवशी ऊन मी म्हणत असते, मुले कंटाळतात, रसवंतीवर थांबायचे का म्हणून विचारतात. यंदा भिडे वाड्याच्या जागेपाशी बोलून झाल्यावर मी त्यांना म्हटले, अजून पाच मिनिटे चाला, एक हौद दाखवायचा आहे. फरासखान्याच्या कोपऱ्यावर आलो. मी हात करून दाखवला तरी निम्म्या मुलांना तो दिसेना. समोर रिक्षा, दुचाक्या, दगडूशेठच्या दर्शनाला निघालेली गर्दी. एक मुलगा म्हणाला, "ताई, हौद म्हणजे पाणी पाहिजे ना? पाणी कुठंय?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. पाणी नाही. पुण्यात 'बाहुलीचा हौद' या नावाने ओळखला जाणारा हा हौद रावबहादूर डॉ. विश्राम रामजी घोले यांनी १८८० च्या सुमारास आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधला. मुलीचे नाव काशीबाई. दिसायला गोड, म्हणून घरी तिला बाहुली म्हणत. ती जेमतेम आठ-नऊ वर्षांची असताना गेली. पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की डॉक्टर तिला शिकवत होते, नातेवाइकांना आणि जातवाल्यांना ते सहन झाले नाही, आणि कुणीतरी खाण्याच्या पदार्थातून तिला काच कुटून घातली.

आता हे वाचून हळहळणे सोपे आहे. 'हेरिटेज वॉक' घेणारे हेच करतात. दोन मिनिटे थांबतात, 'बिचारी बाहुली' म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे मिसळ खायला जातात. माझा आक्षेप या हळहळीवर आहे. या हौदात दोन प्रश्न होते, पाण्याचा आणि मुलीच्या शिक्षणाचा. शहराने दोन्ही काढून घेतले आणि गोष्ट तेवढी ठेवली.

आधी पाण्याचे बघू. पुणे हे हौदांचे शहर होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून बांधीव नळातून पाणी शहरात आणले गेले. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले, पेठापेठांत हौद बांधले. सदाशिव पेठेचा हौद, काळा हौद, नाना हौद ही नावे आजही जुन्या पुणेकरांच्या पत्त्यांत सापडतात. अभियांत्रिकी म्हणून ही योजना उत्तम होती, ते कबूल करायला मला काही अडचण नाही. पण या योजनेवर लिहिणारे लोक नळाचा उतार सांगतात, दगडाची जाडी सांगतात, आणि हौदावर घागर कोण बुडवू शकत होते हे सांगायचे विसरतात. कसे विसरतात कोण जाणे! ज्या शहरात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरायचे, त्या पेशव्यांच्या राजधानीचे वर्णन बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये केले आहे. त्या माणसाची घागर पेठेतल्या हौदात पडत असेल काय?

इथे नळ आणि हौद यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. नळाखाली प्रत्येकाचे भांडे वेगळे असते, पाणी वरून पडते. हौदात मात्र सगळ्यांची भांडी एकाच पाण्यात बुडतात. ज्याने घागर बुडवली त्याचा स्पर्श सगळ्या हौदाला झाला. म्हणून विटाळाची व्यवस्था हौदावर, विहिरीवर आणि तळ्यावर सगळ्यात कडक असते. आपल्या चळवळीचा इतिहास पाणवठ्यांवरून का जातो, याचे एक कारण या साध्या गोष्टीत आहे.

१८६८ साली जोतिराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. स्वतःच्या घराचा. त्यांनी नगरपालिकेला अर्ज करून वाट पाहिली नाही. त्यानंतर साधारण बारा वर्षांनी त्यांचे सहकारी डॉ. घोले यांनी बुधवार पेठेत, म्हणजे शहराच्या अगदी मधोमध, मुलीच्या नावाचा हौद बांधला आणि तो जातपात न पाहता सर्वांसाठी ठेवला असे सांगितले जाते. गंज पेठ पूर्वेच्या कडेला, कष्टकऱ्यांची. बुधवार पेठ बाजाराची. म्हणजे फुल्यांच्या दारातला हौद एका पावलाने शहराच्या मध्यावर आला.

घोले कोण होते? पुण्यात घोले रोड आहे. महापालिकेचे शिवाजीनगर-घोले रोड क्षेत्रीय कार्यालय आहे, तिथे आपण जन्मदाखल्यासाठी आणि पाणीपट्टीसाठी खेटे घालतो. हा घोले कोण, असे मी आमच्या गटातल्या वीसेक तरुणांना विचारले होते. कुणी म्हणाले इंग्रज असेल, कुणी म्हणाले बिल्डर. गवळी समाजात जन्मलेला हा निष्णात शस्त्रवैद्य सत्यशोधक समाजाच्या पहिल्या फळीतला. २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झालेल्या समाजाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर हेच. उजवा हात निकामी झाल्यावर जोतिरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून पुरा केला, हे आपण भाषणांत सांगतो. त्या आजारात त्यांना जगवणाऱ्या डॉक्टरचे नाव घ्यायचे राहून जाते. ब्राह्मणी इतिहासाने आपली माणसे गाळली हे खरेच, पण ही चूक आपली आहे, त्यांची नव्हे.

आता दुसरा प्रश्न, आणि तो मला जास्त टोचतो.

काचेची गोष्ट खरी कशावरून, असे मला एका वाचकाने मागे विचारले होते. रास्त शंका आहे. तेव्हा गुन्हा नोंदवला गेला नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. ही लोकांच्या तोंडची हकीकत आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे. पण समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, की एखादी कथा शंभर-दीडशे वर्षे टिकते तेव्हा 'हे खरे घडले का' याच्या जोडीला 'हे लोकांना शक्य का वाटले' हेही विचारावे. मुलगी शिकते म्हणून नात्यातले कुणी तिला मारू शकते, यावर १८८० च्या पुण्याने विश्वास ठेवला. त्याला आश्चर्य वाटले नाही. आणि लक्षात घ्या, हे घडले म्हणतात ते ठिकाण भिडे वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. १८४८ मध्ये सावित्रीमाई आणि जोतिरावांनी तिथे मुलींची शाळा काढली, त्याला तीसेक वर्षे होत आली होती.

मात्र आपल्याकडेही या गोष्टीचे एक सोयीचे रूप तयार झाले आहे. मी व्यासपीठांवरून ऐकले आहे, "भटांनी घोल्यांच्या पोरीला काच चारली." टाळ्या पडतात. पण लोकांच्या तोंडची हकीकत असे सांगत नाही. ती सांगते नातेवाईक. भाऊबंद. ज्या मायबायांच्या मांडीवर ती पोर खेळली असेल, त्यांच्यातले कुणी. ज्ञानबंदी ब्राह्मणी व्यवस्थेने घातली, यात वाद नाही. पण ती बंदी अंमलात आणणारे हात आपल्या घरातले होते, आणि ही गोष्ट टाळ्यांसाठी झाकायची असेल तर आपण बाबासाहेब वाचलेच नाहीत. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी वाचलेल्या निबंधात जात कशी टिकते याची मांडणी आहे. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नाही, आणि त्यासाठी बाईला ताब्यात ठेवायचे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्याची साधने. आणि वरच्याने केलेले खालच्याने उचलायचे, अनुकरणाने जात पसरायची. पंचविशीतल्या बाबासाहेबांनी हे लिहिले त्याच्या साडेतीन दशके आधी काशीबाईच्या नातेवाइकांनी, हकीकत खरी मानली तर, नेमके हेच केले. त्यांना कुणी आदेश दिला नव्हता. मुलगी शिकली की आपल्या हातात राहणार नाही, एवढे त्यांना पुरेसे होते.

डॉ. घोले मात्र थांबले नाहीत. धाकट्या मुलीला, गंगूबाईला, त्यांनी शिकवले. एक लेक गमावलेल्या बापाने दुसरीच्या हातात पुस्तक द्यायला काय लागत असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. माझ्या कामात मला दहावीनंतर घरी बसवलेल्या मुली भेटतात. काच कुणी चारत नाही. "जमाना खराब आहे" म्हणतात, "स्थळ चांगलं आलंय" म्हणतात, क्लास लांब आहे म्हणतात. गेल्या वर्षी एका घरी मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांचा आणि माईंचा फोटो होता, हार ताजा होता, आणि अकरावीचा फॉर्म भरायची तारीख उलटून गेली होती. मुलीचा बाप मला चहा घ्यायचा आग्रह करत होता. मी घेतला नाही, आणि नंतर मला वाटले घ्यायला हवा होता, बोलणे तरी चालू राहिले असते.

हौदाकडे परत येते. तो मुलीच्या स्मरणार्थ होता, म्हणजे एका श्रीमंत, सुशिक्षित माणसाचे दान होता. दानाची एक मर्यादा असते. दाता चांगला असेल तर हौद सर्वांचा, दाता गेला की हौद कुणाचा? याचे उत्तर चळवळीला पुढच्या पिढीत शोधावे लागले. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले आणि प्रत्यक्षात कुणी फिरकू शकेना. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर मोर्चा नेला आणि ओंजळभर पाणी घेतले. सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, नगरपालिकेने ठराव फिरवला, प्रकरण कोर्टात गेले. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की तळे अनादी काळापासून फक्त स्पृश्यांचे होते ही वहिवाट सिद्ध होत नाही. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. घोल्यांच्या हौदापासून चवदार तळ्यापर्यंत जे अंतर कापले गेले ते दयेपासून हक्कापर्यंतचे आहे. पण सुरुवातीचा टप्पा विसरलो तर आपलाच रस्ता आपल्याला मध्येच सुरू झाल्यासारखा दिसतो.

आज हौद कोरडा का, याला उत्तर सोपे आहे. घरोघरी नळ आले, कात्रजच्या पाण्याची गरज संपली, हौद पुण्यात सगळीकडेच बुजले किंवा रस्त्याखाली गेले. बाहुलीचा हौद निदान दिसतो तरी. वस्त्यांमधली सार्वजनिक नळकोंडाळीही कमी होत चालली आहेत, आणि बुधवार पेठेत भर उन्हात तहान लागली तर वीस रुपयांची बाटली घ्यावी लागते. हमाल, फुलवाले, कचरा वेचणाऱ्या बाया यांनी काय करायचे ते त्यांचे त्यांनी बघायचे. म्हणून हौदाची डागडुजी करा, रंग द्या, भोवती साखळी लावा, एवढी मागणी घेऊन मी कुठे जाणार नाही. साखळी तर नकोच. भिडे वाडा आपण वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत अडकलेला पाहिला, तो पडायच्या बेतात आला, आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक होईल, चांगलेच होईल. पण त्याच्या आराखड्यात भिडे वाड्यापासून हौदापर्यंतची पाच मिनिटांची वाट धरली पाहिजे. हौदाला पुन्हा पाणी जोडा, पिण्याचे, चालू नळाचे, कुणीही यावे आणि प्यावे असे. आणि शेजारी एक फलक लावा, ज्यावर 'बाहुली' या लाडक्या नावाआधी 'काशीबाई विश्राम घोले' हे पूर्ण नाव असेल, ती शिकत होती हे लिहिलेले असेल, आणि हौद सर्व जातींसाठी होता हे लिहिलेले असेल. तिच्या मृत्यूबद्दल पुणे काय सांगत आले तेही लिहा, लोक सांगतात म्हणून लिहा, पण नातेवाईक हा शब्द गाळू नका.

त्या दिवशी आम्ही एक माठ बरोबर नेला होता. हौदाच्या कडेला ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिले. तासाभरात संपले. एक वाहतूक पोलीस दोन पेले प्याला आणि म्हणाला, इथे रोज ठेवत जा. परत निघताना सातवीतली एक मुलगी माझ्या बरोबरीने चालत होती. बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "ताई, ती कितवीत होती?"

मला सांगता आले नाही. पुढच्या ११ एप्रिलला आम्ही दोन माठ नेणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी नऊला फुले वाड्यापाशी यावे. जयभीम.