धूर, अग्नी आणि जमाखर्च

डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातील अनुमानाचे उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. धूर आणि अग्नी यांच्या या नियत साहचर्याला नैयायिकांनी ‘व्याप्ती’ म्हटले. उद्योगांच्या कार्बन उत्सर्जनाच्या हिशोबात ‘स्कोप’ ही संज्ञा मध्यवर्ती आहे, आणि तिला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो तेव्हा आम्हांला हाच शब्द सुचला. हा केवळ योगायोग असेल. पण त्याच्या आधारे या हिशोबाचा इतिहास नीट उलगडतो, असे आम्हांला वाटते.

प्रारंभी प्रश्न दिसणाऱ्या धुराचा होता. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढील अर्धशतकात कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांची धुराडी ही शहराची ओळख बनली. १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्या काळी धूर मोजण्याचे साधन म्हणजे माणसाचा डोळा. माक्सिमिलियां रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ साली करड्या छटांचा एक तक्ता तयार केला होता. तो समोर धरून धुराचा काळेपणा ताडून पाहावयाचा. उद्योगाचा दोष तेव्हा दिसत होता, आणि तो काळा होता.

कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशोब वहीतूनच करावा लागतो. येथे अनुमानाची दिशा उलटते. अग्नीवरून धुराचे अनुमान करणे नैयायिकांना अमान्य होते. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो, हे त्यांचे प्रत्युत्तर. आजचा हिशोबनीस मात्र जाळलेल्या इंधनावरून न दिसणाऱ्या वायूपर्यंत पोहोचतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. इंधनाच्या पावत्या आणि असा गुणांक हाती असला की गुणाकार तेवढा उरतो.

परंतु हे उत्सर्जन कोणाच्या खाती मांडावयाचे? या प्रश्नाची सर्वमान्य मांडणी करण्यासाठी वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि शाश्वत विकासासाठीची जागतिक उद्योग परिषद या संस्थांनी १९९८ साली एकत्र काम सुरू केले. त्यातून २००१ साली उद्योगांसाठीचे मानक प्रसिद्ध झाले; २००४ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यातील तीन व्याप्ती अशा : संस्थेने स्वतः जाळलेले इंधन ही पहिली, विकत घेतलेली वीज ही दुसरी; आणि कच्चा माल, वाहतूक, विकलेल्या वस्तूचा वापर, तिची विल्हेवाट असे मागचे-पुढचे सारे ही तिसरी.

ही चौकट मुंबईच्या गिरण्यांना लावून पाहू. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि गिरण्यांना घाटातल्या पाण्याची वीज मिळू लागली. ज्या गिरणीने बॉयलर विझवला, तिची पहिली व्याप्ती घटली. आणि पाण्यापासूनची वीज म्हणून दुसरीही जवळजवळ कोरी राहिली. पुढे १९५६ साली तुर्भे येथे औष्णिक केंद्र सुरू झाले. त्या विजेवर चालणाऱ्या मागाला धुराडे नव्हते. धूर दुसरीकडे निघत होता. असा स्थलांतरित धूर हुडकून काढण्यासाठीच दुसरी व्याप्ती आहे, आणि तेच तिचे मोल.

तथापि याच विजेच्या इतिहासात मुळशीही आहे. तेथील धरणात जमिनी बुडणार म्हणून मावळातले शेतकरी १९२१ साली सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापट त्यांच्या अग्रभागी होते. १९२४ पर्यंत तो लढा चालला आणि अखेर धरण झाले. कार्बनच्या वहीत त्या गावांसाठी एकही रकाना नाही. हा वहीचा दोष नव्हे. ती कार्बनचीच वही आहे. दोष तेव्हा घडतो, जेव्हा ती वही म्हणजेच उद्योगाचे संपूर्ण चारित्र्य असे मानले जाते.

भारतात सेबीने २०२१ साली बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांसाठी जबाबदारी व शाश्वततेच्या अहवालाची पद्धत ठरवली. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ती अनिवार्य झाली. तीत पहिल्या दोन व्याप्ती आवश्यक, तर तिसरी ऐच्छिक ठेवण्यात आली. असे अहवाल वाचताना काही प्रश्न विचारावेत. तुलनेचे आधारवर्ष कोणते? घट एकूण उत्सर्जनात आहे, की केवळ दर नगामागे? नगामागचा आकडा उतरत असताना उत्पादन दुप्पट झाले, तर एकूण उत्सर्जन वाढूही शकते. आधी इंधन वाचवले, की थेट दुसऱ्याने लावलेल्या झाडांचे श्रेय विकत घेतले? आणि तिसरी व्याप्ती कोठे आहे?

हे प्रश्न अभियंत्यांचे असले तरी ते विचारण्याची सवय आपल्या वर्गातली आहे. संहितेने काय सांगितले याबरोबरच काय वगळले, हे आपण विद्यार्थ्यांना शोधावयास लावतोच. कंपनीचा अहवाल हीदेखील एक संहिताच होय. धूर दिसेनासा झाला म्हणून अग्नी विझला असे अनुमान कोणी काढू लागले, तर त्यातला हेत्वाभास दाखवून देणे हे आपलेही काम आहे.