मस्कडाइन द्राक्षाची चव : साक्षीपुराव्याचा एक प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात आढळणाऱ्या मस्कडाइन द्राक्षाविषयी गेल्या चार शतकांत जे लिहिले गेले, ते एकत्र वाचले असता हे सर्व साक्षीदार एकाच फळाविषयी बोलत आहेत काय, अशी शंका येते. कोणास ते मधुर व सुवासिक वाटते, कोणास उग्र दर्पाचे. कोणी त्याच्या रसाची स्तुती करतो, तर कोणी जाड साल आणि बुळबुळीत गर यांपुढे रसाची गोष्टच काढीत नाही. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु चवीविषयीचे मत हेही एक ऐतिहासिक साधन आहे, आणि इतर साधनांप्रमाणेच ते कोणी, केव्हा व कशासाठी नोंदविले हे पाहणे प्राप्त आहे.

प्रथम फळाविषयी थोडे. या जातीचे व्हायटिस रोटुंडिफोलिया हे नाव मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात येते. नावात साम्य असले तरी युरोपातील मस्कट द्राक्षाहून ही जात निराळी आहे. सामान्य द्राक्षवेलीत ३८ गुणसूत्रे असतात, हिच्यात ४०. हिचे घोस लहान असतात, त्यांतील फळे एकाच वेळी पिकत नाहीत, आणि पिकलेले फळ सुटे होऊन गळते. साल जाड व चिवट. ती दाबली की गर सबंध निसटून बाहेर येतो आणि त्यात मोठ्या बिया असतात. आपल्याकडील ‘बंगलोर ब्लू’ द्राक्ष ज्याने खाल्ले आहे, त्यास या निसटत्या गराची काहीशी कल्पना येईल. केवळ बिनबियांच्या द्राक्षावर वाढलेल्यास ती येणे कठीण.

आरंभीच्या साक्षी बहुतेक अनुकूल आहेत. व्हेराझानो या प्रवाशाच्या १५२४ च्या पत्रातील वेलींचा उल्लेख मस्कडाइनचा पहिला उल्लेख म्हणून वारंवार पुढे केला जातो. पण तो या किनाऱ्यास लागला मार्चमध्ये, आणि हे फळ पिकते ऑगस्टनंतर. त्याने पाहिलेले फळ वाळलेले होते, असे त्याचेच निवेदन आहे. तेवढ्यावरून जात ठरविणे मला धाडसाचे वाटते. टॉमस हॅरियट याची साक्ष अधिक भरवशाची आहे. १५८५-८६ मध्ये तो रोअनोक येथील वसाहतीत राहिला होता, म्हणजे फळाचा हंगाम त्याने प्रत्यक्ष पाहिला. १५८८ च्या आपल्या वृत्तांतात तो द्राक्षांचे दोन प्रकार सांगतो : एक लहान व आंबट, दुसरा पुष्कळ मोठा आणि अतिशय गोड. हा दुसरा प्रकार मस्कडाइनच असावा. तथापि परत आलेल्या लोकांनी वसाहतीची जी निंदा चालविली होती तिचे खंडन करणे व नवे वसाहतकार मिळविणे, हा या वृत्तांताचा उघड हेतू होता. अशा पुस्तकात सालीच्या जाडीस जागा मिळणार नव्हती.

प्रतिकूल मत पुढे १७०५ मध्ये रॉबर्ट बेव्हर्लीच्या व्हर्जिनियाच्या इतिहासात भेटते. काही मोठ्या द्राक्षांना कोल्ह्यासारखा उग्र वास येतो म्हणून त्यांस ‘कोल्हद्राक्षे’ म्हणतात, असे तो नोंदवितो. मात्र हे नाव त्या काळी मस्कडाइन आणि उत्तरेकडील लाब्रुस्का या दोन्हींना सरसकट लावले जाई. तेव्हा मतभेदाचा काही भाग हा चवीचा नसून नावाच्या गोंधळाचा आहे.

जेफरसनचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. मस्कडाइनच्या स्कपरनाँग या पिंगट वाणाचे मद्य युरोपातील उत्तम मेजांवर शोभेल, त्याचा सुगंध व नितळपणा असा आहे, असे त्याने १८१७ मध्ये विल्यम जॉन्सनला लिहिले. आणि लगेच तक्रार केली की आपण पाहिलेल्या बहुतेक नमुन्यांत तो सुगंध ब्रँडीत पार बुडालेला होता. या फळात साखर बेताची असल्याने नुसत्या रसाचे मद्य टिकत नसे, म्हणून साखर वा ब्रँडी घालण्याची चाल पडली. जेफरसनची स्तुती बऱ्याच अंशी पेल्यात न सापडलेल्या गुणाची आहे, हे तिचा आधार घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयास हवे.

या सर्वांत फळाच्या स्पर्शाविषयी जवळजवळ काहीच नाही. कारण साधे आहे. लिहिणारे मद्याच्या दृष्टीने पाहत होते, आणि मद्य गाळताना साल व बी मागेच राहतात. प्रत्यक्ष वेलीखाली उभे राहून खाणारे मूळ रहिवासी, गुलाम आणि मुले यांचे मत कोणी विचारले नाही. त्यांचा मागोवा अन्यत्र घ्यावा लागतो. चार्ल्स चेस्नट या निग्रो कथाकाराची एक कथा १८८७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त आली. तीत नॉर्थ कॅरोलायनातील ओसाड मळा विकत घेऊ पाहणाऱ्या उत्तरेकडील गृहस्थास एक वृद्ध माजी गुलाम भेटतो. त्याच्या मांडीवर टोपीभर द्राक्षे आहेत आणि शेजारी सालींचा ढीग. पुढे तो सांगतो, की गुलामांनी फळ चोरू नये म्हणून पूर्वीच्या धन्याने वेलींवर करणी करविली होती. कथा ती कथाच. पण फळ पिळून गर चोखावा आणि साल टाकावी ही खाण्याची रीत त्या ढिगातून जितकी स्पष्ट होते, तितकी कोणत्याही बागायती अहवालातून होत नाही. या रीतीने खाणाऱ्यास जाड साल हा दोष वाटण्याचे कारणच नव्हते. ती रस राखणारी वाटी होती. घरोघरी तीच साल शिजवून, गराच्या बिया गाळून काढून, दोहोंचे पाय करीत.

साल दोष ठरली ती फळ दूरच्या बाजारात जाऊ लागल्यावर, सबंध द्राक्ष चावून खाणाऱ्या गिऱ्हाइकापुढे. जॉर्जियातील संशोधन केंद्रात १९०९ पासून या जातीची पैदास सुरू झाली. १९७० मधील ‘फ्राय’ वाणाने मोठ्या फळाची अपेक्षा रूढ केली. त्यानंतर कुरकुरीत गर आणि खाता येईल अशी साल यांकडे लक्ष वळले. अलीकडे युरोपीय द्राक्षाशी संकर करून बिनबियांचे वाणही निघाले आहेत. दुसरीकडे नॉर्थ कॅरोलायनाने २००१ मध्ये स्कपरनाँगला राज्याचे फळ ठरविले, ते जाड सालीसह आणि बियांसह.